ट्रॅक्टरखाली डाग दिसला तर

सकाळी ट्रॅक्टर शेडातून बाहेर काढला. रात्रभर तो जिथे उभा होता, तिथे मातीवर एक काळसर डाग दिसतो. तळहाताएवढा. काल हा डाग नव्हता. की होता, आणि आपण पाहिला नाही?

असा डाग दिसला म्हणजे माणसे दोन तऱ्हांनी वागतात. काही जण म्हणतात, "जुनं यंत्र आहे, गळायचंच. त्याला काय करायचं?" आणि ते वरून ऑईल ओतत राहतात. काही जण घाबरतात. लगेच तालुक्याला जातात, नवे सील आणतात, मिस्त्रीकडून बसवून घेतात. आठ दिवसांनी पुन्हा तोच डाग! पहिल्याचे ऑईल वाया जाते, दुसऱ्याचे पैसे वाया जातात. दोघांनीही एक गोष्ट केलेली नसते. ऑईल नेमके कोठून येते, हे शोधलेले नसते.

हा शोध तुम्ही स्वतः घेऊ शकता. त्याला फार हत्यारे लागत नाहीत. एक मोठा पुठ्ठा, चार चिंध्या, थोडे डिझेल आणि खडूची पूड एवढे पुरते. इथे आपण ट्रॅक्टरच्या मागच्या अंगातले, म्हणजे गिअरबॉक्सचे आणि लिफ्टचे ऑईल पाहू. इंजिनाचे ऑईल हा वेगळा विषय आहे. त्याचे नाव मध्ये येईल, पण ओळखीपुरतेच.

ट्रॅक्टरच्या पोटात

ट्रकला खाली लांब चासी असते. बहुतेक ट्रॅक्टरांना तशी नसते. पुढे इंजिन, मग क्लचची पेटी, मग गिअरबॉक्स, आणि शेवटी डिफरन्शियलची मोठी पेटी. ही ओतीव लोखंडाची अंगे बोल्टांनी एकमेकांना जोडली की तोच ट्रॅक्टरचा कणा होतो. मागच्या पेट्या आतून पोकळ असतात. त्यांत दातांची चाके फिरतात. ती चाके ऑईलात भिजत राहतात.

हॅरी फर्ग्युसन नावाचा आयर्लंडमधला एक हुशार कारागीर होता. नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायचा आणि ऑईलच्या दाबाने उचलायचा, ही युक्ती त्याने रूढ केली. १९४६ पासून इंग्लंडात त्याचे लहान करडे ट्रॅक्टर बनू लागले. त्यांत लिफ्टचा पंप ट्रॅक्टरच्या पोटातच बसवलेला होता, आणि तो पोटातलेच ऑईल ओढत असे. पुढे १९६० साली मद्रासेत एक कंपनी निघाली आणि ही जात आपल्या देशातही तयार होऊ लागली.

आजही पुष्कळ ट्रॅक्टरांत एकच ऑईल दोन कामे करते. ते गिअर भिजवते आणि लिफ्टही उचलते. काही ट्रॅक्टरांत ही दोन ऑईले वेगळी असतात. तुमच्या ट्रॅक्टरची तऱ्हा कोणती, ते कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. पुस्तिका कुठे माळ्यावर पडली असेल तर खाली काढा. आता ती तुम्हाला वाचता येईल.

तुम्ही म्हणाल, थेंबाने काय होते? हिशेब करून पाहू या. दर दहा सेकंदांना एक थेंब पडतो असे धरा. मिनिटाला सहा थेंब झाले. तासाला ३६० झाले. दिवसरात्र मिळून ८,६४० झाले. ऑईलचे तीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर धरले, तर दिवसाला २८८ मिलिलिटर ऑईल जाते. पाव लिटरहून जास्तच! महिन्याला साडेआठ लिटरच्या वर. ट्रॅक्टरच्या पोटात मॉडेलप्रमाणे सुमारे वीस ते पन्नास लिटर ऑईल मावते. म्हणजे एका थेंबाने दोन-चार महिन्यांत केवढे पोट रिकामे होते बघा.

ऑईल कमी झाल्याचे आधी लिफ्टवरून कळते. औजार हळू उचलते, मध्येच गचके खाते. पंप ऑईलाबरोबर हवाही ओढू लागतो. मग ऑईलाला फेस येतो आणि आतून रडल्यासारखा आवाज येतो. तरी लक्ष दिले नाही, तर वरची बेअरिंगे कोरडी पडतात. बेअरिंग गेले म्हणजे पेटी उघडणे आले, आणि पेटी उघडणे म्हणजे ऐन हंगामात ट्रॅक्टर आठ-आठ दिवस उभा.

उताराची हकिगत

ऑईल आणि पैसा यांचे जाऊ द्या. आमच्या भागातली एक हकिगत सांगतो.

एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे उजवे मागचे चाक आतल्या बाजूने ओलसर दिसे. त्यावर धूळ बसून काळा चिकटा झाला होता. दोन महिने तो ऑईल भरत राहिला. उसाचा हंगाम होता, गाडी उभी करायला सवड नव्हती. एके दिवशी भरलेली ट्रॉली घेऊन तो ओढ्याच्या उताराला लागला. त्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. उलट तो डावीकडे ओढला गेला. डावीकडे बांध होता म्हणून निभावले. पुढचे चाक बांधात रुतले, ट्रॉली तिरपी झाली, ऊस सांडला. माणसाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. उजवीकडे ओढा होता.

असे का झाले? जुन्या पुष्कळ ट्रॅक्टरांत मागचे ब्रेक कोरडे असतात. शेजारी ऑईलची पेटी आणि इकडे कोरडा ब्रेक, मध्ये फक्त एक रबरी सील. ते सील फाटले की ऑईल ब्रेकच्या लायनरवर येते. ऑईल लागलेला लायनर धरत नाही. उजवा ब्रेक धरेना, डावा मात्र धरी. म्हणून ट्रॅक्टर डावीकडे वळला. या शेतकऱ्याच्या शेडातला डाग दोन महिने हेच सांगत होता.

म्हणून मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑईल दिसले, तर तो ट्रॅक्टर ट्रॉली लावून रस्त्यावर नेऊ नका. मग हंगाम असो की आणखी काही असो. एकदा ऑईल प्यालेला लायनर नुसता पुसून भागत नाही. डिझेलने तर मुळीच धुऊ नका, ते स्वतःच तेलकट. सील बदलायचे, त्याबरोबर लायनरही बदलायचे. आणि रस्त्यावर असताना ब्रेकची दोन्ही पायडले कडीने एकत्र अडकवलेली हवीत. शेतात वळताना एक-एक पायडल वापरतात, मग ती कडी तशीच सुटी राहते.

नव्या बऱ्याच ट्रॅक्टरांत ब्रेक ऑईलातच बुडालेले असतात. ते त्याच कामासाठी बनवलेले असतात. त्यांना हे लागू नाही. पण त्यांतले ऑईल कमी झालेले किंवा भलतेच भरलेले मात्र चालत नाही.

आधी पुसा, मग पाहा

आता शोधाला लागू. पहिली गोष्ट ध्यानात धरा. जिथे थेंब पडतो, तिथेच गळती असते असे नाही. कौलारू घरात पाणी चुलीवर टपकते, पण कौल फुटलेले असते आढ्यापाशी. पाणी वाशावरून घरंगळत येते. ऑईलचेही तसेच आहे. वरच्या झाकणातून निघालेले ऑईल पेटीच्या अंगावरून उतरते, धावत्या ट्रॅक्टरच्या वाऱ्याने मागे जाते, आणि खालच्या प्लगाच्या टोकाला थेंब लोंबतो. माणूस प्लग आवळत बसतो. बिचाऱ्या प्लगाचा काही दोष नसतो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. हातब्रेक लावा. चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावा. लिफ्ट खाली टेकवा. इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवा. चाक उचलायचे झाले, तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. जॅकशेजारी भक्कम लाकडी ठोकळे रचा. जॅक सरकला तर ट्रॅक्टर ठोकळ्यांवर बसला पाहिजे, माणसावर नव्हे.

मग मागचे सारे अंग ब्रशाने आणि डिझेलने धुऊन काढा. वर्षाची धूळ आणि चिकटा निघाला पाहिजे. ब्रेकच्या बाजूला मात्र डिझेल जाऊ देऊ नका, आणि जवळ विडी पेटवू नका. पाण्याचा जोराचा फवारा मारायचा मोह होतो. तोही टाळा. पाणी गिअरच्या दांडीच्या रबरातून किंवा झाकणातून आत जाते. धुतल्यावर कोरड्या चिंधीने पुसा आणि उन्हात वाळू द्या.

आता एक जुनी युक्ती. जिथे शंका आहे तिथे खडूची पूड भुरभुरा. अंगाला लावायची पावडरही चालते. अंग पांढरे झाले पाहिजे. मग ट्रॅक्टर अर्धा तास चालवा, लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करा. थंड ऑईल घट्ट असते आणि बारीक फटीतून येत नाही. तापले की पातळ होते आणि वाट काढते. पुन्हा इंजिन बंद करून पाहा. पांढऱ्यावर ऑईलची काळी रेघ उमटलेली दिसेल. ती रेघ बोटाने खालून वर धरत जा. ओलीतले सर्वांत वरचे टोक जिथे आहे, तिथे गळतीचे मूळ.

रात्री खाली पुठ्ठा पसरा. पुढची चाके आणि मागची चाके कुठे येतात ते कोळशाने पुठ्ठ्यावर लिहा. सकाळी थेंब कोणत्या अंगाखाली आहेत ते कळेल, किती आहेत तेही कळेल.

इथे एक धोका सांगायलाच हवा. लिफ्टच्या किंवा ट्रॉली उलटवायच्या नळीत फार मोठा दाब असतो. चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास. नळीला सुईएवढे भोक असले तर तिथून निघणारी चिळकांडी डोळ्यांना दिसतही नाही. पण ती कातडी भेदून ऑईल हातात शिरवते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते. दुखतही नाही फारसे. काही तासांत हात सुजतो, आतले मांस मरू लागते, आणि वेळ गेला तर बोट किंवा हात काढावा लागतो. म्हणून इंजिन चालू असताना नळीवरून हात फिरवून गळती शोधू नका. पुठ्ठ्याचा तुकडा काठीला बांधून नळीजवळ धरा, ओल त्यावर उठेल. आणि अशी चिळकांडी कोणाला लागलीच, तर हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दाबाचे ऑईल आत शिरले आहे.

कोणते ऑईल?

थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. रंग पाहा, बोटांत चोळा, वास घ्या.

काळेकुट्ट आणि जळका वास असलेले ऑईल बहुधा इंजिनाचे. डिझेल इंजिनाची काजळी त्यात मिसळलेली असते. पिवळसर किंवा तपकिरी आणि दाट ऑईल गिअरबॉक्सचे. घट्ट गिअर ऑईलाला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. लिफ्ट आणि गिअर दोघांना मिळून चालणारे ऑईल त्यापेक्षा पातळ आणि सोनेरी असते. अगदी पातळ, पटकन पसरणारे, ते डिझेल. हिरवट किंवा गुलाबी पाण्यासारखे असेल तर ते रेडिएटरचे.

लाल ऑईल दिसले तर? काही ट्रॅक्टरांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये लाल ऑईल असते. ज्या मोटारींना क्लचचे पायडल नसते आणि गिअर आपोआप बदलतात, त्यांच्या गिअरबॉक्सातही बहुधा असेच लाल ऑईल असते. हा रंग मुद्दाम दिलेला असतो. खाली डाग पडला की इंजिनाचा कोणता आणि गिअरचा कोणता, ते लगेच ओळखू यावे म्हणून. जुने झाले की हे ऑईल तपकिरी होते. अशा मोटारीला ऑईल कमी पडले तर गिअर घसरतात, इंजिन ओरडते आणि गाडी पुढे सरत नाही. शोधायची रीत तीच. पुसा, चालवा, वरची ओल पाहा.

ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. भातखाचरात चिखलणी केली, ट्रॅक्टर पावसात उभा राहिला, गिअरच्या दांडीचे रबर फाटलेले होते, अशी कारणे असतात. ते ऑईल ठेवू नका. पाणी कुठून शिरले ते आधी बंद करा, मग सारे ऑईल बदला. पाण्याने आतली बेअरिंगे गंजतात.

साध्या जागा आधी

मूळ शोधताना स्वस्त जागा आधी पाहाव्या, महाग जागा मागून. मिस्त्री लोक कधी कधी उलटे करतात. सगळेच नाही म्हणत मी.

सर्वांत आधी ऑईलची पातळीच पाहा. ट्रॅक्टर सपाट जागी, लिफ्ट खाली, ट्रॉली उलटवायची असेल तर तीही खाली. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा. मग पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला, काढा. ऑईल वरच्या खुणेच्या वर असेल, तर तुम्हीच जास्त भरले आहे. जास्तीचे ऑईल कुठून तरी बाहेर येणारच. लिफ्ट वर असताना पातळी पाहिली, तर ऑईल लिफ्टच्या पोटात गेलेले असते. पट्टीवर कमी दिसते. माणूस वर भरतो. मग लिफ्ट खाली आली की पातळी वाढते. अशी ही फसगत.

दुसरी जागा ब्रीदर. ही एवढीशी वस्तू फार जणांना माहीत नसते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. गिअरबॉक्स चालून तापतो. आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला वर एक लहानसे टोपण असते, त्याला बारीक भोके असतात. काही ट्रॅक्टरांत हे भोक ऑईल भरायच्या टोपणातच असते. त्यात चिखल बसतो. रंग देताना ते रंगाने बुजते. कधी कुंभारीण माशी आपले मातीचे घर तिथेच बांधते. मग हवेला वाट राहत नाही. ती आत दाब धरते, आणि हा दाब ऑईलाला सिलांच्या ओठांवरून बाहेर ढकलतो. चांगली सिलेही मग गळतात. नवे सील घातले तरी गळतेच!

एका मिस्त्रीने हे मला डोळ्यांनी दाखवले. ट्रॅक्टरवाल्याने वर्षात तीन सिले बदलली होती. मिस्त्रीने ट्रॅक्टर तासभर चालवायला लावला, आणि मग वरचे टोपण हळूच सैल केले. फुस्स करून हवा आली.

"दादा, सील नका आणू. एवढं भोक मोकळं करा," तो म्हणाला.

"मग आधीच्या मिस्त्रीनं सांगितलं का नाही?"

"त्यानं ऑईल कुठनं येतं ते पाहिलं. का येतं, ते नाही पाहिलं."

ब्रीदर काढायचा, डिझेलात भिजवायचा, बारीक तारेने भोके मोकळी करायची, फुंकून पाहायचे. वाळवून परत बसवायचा. खर्च काहीच नाही.

तिसरी जागा खालचा प्लग. त्याखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर असतो. तो जुना होऊन चपटतो आणि कडक होतो. गळते म्हणून लोक लांब पाना लावून प्लग आवळतात. आटे जातात, आणि पाच-दहा रुपयांच्या वायसरापायी पेटी दुरुस्तीला न्यावी लागते. ऑईल बदलताना वायसरही नवा घाला. नवा मिळत नसेल आणि वायसर तांब्याचा असेल, तर तो विस्तवात लाल करून निवू द्या. तांबे पुन्हा मऊ होते आणि नीट बसते. प्लगाला बहुधा लोहचुंबक असतो. त्यावर बारीक करडी लुकण दिसली तर घाबरू नका, दात घासून तेवढी निघतेच. पण खडे, चकचकीत तुकडे दिसले, तर आत काहीतरी मोडते आहे. मग गळतीचा विचार मागे ठेवा आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवा.

चौथी जागा झाकणांचे पॅकिंग. दोन लोखंडी अंगांच्या मध्ये जाड कागदाचे पॅकिंग असते. आधी बोल्ट सैल झालेत का ते पाहा. आवळताना एकच बोल्ट एका दमात आवळू नका. समोरासमोरचे बोल्ट पाळीपाळीने, थोडे थोडे आवळा. खाटेची नवार ओढतो तसे, सगळीकडून सारखे. तरी गळले तर पॅकिंग बदला. जुने पॅकिंग खरवडताना लोखंडावर चरा पडू देऊ नका, त्या चऱ्यातूनच पुढे ऑईल येते. खरवडलेला कचरा पेटीत पडू नये म्हणून आत स्वच्छ फडके भरा. आणि ते फडके काढायला विसरू नका. हसू नका, असे घडते.

पाचवी जागा मागचा पीटीओचा शाफ्ट, ज्याला रोटाव्हेटर जोडतो. तिथे पाचट, सुतळी, तार गुंडाळली जाते आणि फिरून फिरून सिलाचा ओठ कापते. आधी गुंडाळा काढा, अर्थात इंजिन बंद करून. नाही तर नवे सीलही महिनाभरात कापले जाईल.

सील बदलणे

सील म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेला रबरी ओठ. ओठामागे केसासारख्या तारेची गोल स्प्रिंग असते. ती ओठाला फिरत्या शाफ्टवर दाबून धरते. उष्णतेने आणि वर्षांनी रबर लाकडासारखे कडक होते. मग ते शाफ्ट धरत नाही.

जुने सील टाकू नका, दुकानात बरोबर न्या. त्यावर तीन आकडे असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ते आकडे वहीत लिहून ठेवा. नवे सील बसवताना स्प्रिंगची बाजू ऑईलाकडे, म्हणजे आत येते. उलटे बसले तर पहिल्याच दिवशी गळते. ओठाला आधी ऑईल लावा. सपाट लाकडी ठोकळा ठेवून चहूकडून हलके ठोका. तिरपे जाऊ देऊ नका. हातोडी सरळ सिलावर मारू नका.

बसवण्याआधी शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सिलाने तिथे खाच पाडली असेल तर नख अडकते. मग नवे सीलही त्या खाचेवर गळणार. जाणता मिस्त्री सील थोडे पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागी आणतो. किंवा शाफ्टवर पातळ पोलादी कडे चढवतो. शाफ्ट हलवून पाहा. वर-खाली जास्त हलला, तर बेअरिंग गेले आहे. बेअरिंग न बदलता सील बदलणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडे ठेवणे.

क्लचच्या पेटीचे वेगळे सांगतो. तिच्या तळाला बऱ्याच ट्रॅक्टरांत एक भोक असते आणि त्यात सैल अशी एक खिळ लोंबत असते. ती उगाच नाही. ती हलत राहून भोक मोकळे ठेवते. तिथून ऑईल आले, तर इंजिनाचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सचे पुढचे सील गेले आहे. काळे असेल तर इंजिनाचे, पिवळे असेल तर गिअरचे. काही बहाद्दर त्या भोकात लाकडाची खुंटी ठोकतात आणि म्हणतात, गळती थांबली! ऑईल मग पेटीत साचते, क्लचच्या चकतीवर उडते, आणि चढावर क्लच घसरतो. खुंटी ठोकू नका. ही दुरुस्ती घरची नव्हे. तिच्यासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात. गळती थेंब-दोन थेंबांची असेल आणि क्लच घसरत नसेल, तर पातळीवर लक्ष ठेवून हंगाम काढता येतो. मग सवडीने करून घ्या. क्लचची चकती तेव्हाच पाहून घ्यावी. पेटी दोनदा उघडायला नको.

बाहेरून लांबी फासणे, साबण चोळणे, दुकानात मिळणारे गळती थांबवायचे औषध ऑईलात घालणे, हे उपाय लोक करतात. तेलकट अंगाला लांबी धरत नाही. औषधाने कडक झालेले रबर थोडे फुगते आणि काही दिवस गळती थांबते. पण फाटलेले सील त्याने जुळत नाही. ब्रेकजवळच्या गळतीला तर असले उपाय मुळीच करू नका.

दुरुस्तीनंतर

ऑईल पुस्तिकेत लिहिलेलेच भरा. घरात इंजिनाचे ऑईल शिल्लक आहे म्हणून ते लिफ्टच्या पोटात घालू नका. भरल्यावर ट्रॅक्टर चालवा, लिफ्ट वर-खाली करा, पातळी पुन्हा पाहा. रात्री पुठ्ठा टाका. आठ दिवसांनी पॅकिंगचे बोल्ट एकदा तपासा, नवे पॅकिंग दबून बोल्ट थोडे सैल होतात. आणि वहीत तारीख घालून किती लिटर भरले ते लिहीत जा. "मागं केव्हा भरलं बरं?" असे आठवत बसावे लागत नाही. दर महिन्याला आकडा वाढू लागला, तर गळती वाढते आहे हे डाग दिसण्याआधी वहीच सांगते.

काढलेले जुने ऑईल विहिरीच्या काठावर, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. ते मातीतून झिरपते आणि पिण्याचे पाणी नासवते. चुलीतही घालू नका. जनावरांच्या जखमेला लावायची चाल आहे, तीही सोडा, त्यात विषारी भाग असतात. झाकणाच्या डब्यात साठवा आणि असे ऑईल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या. डब्यावर ठळक अक्षरांत "खराब ऑईल" असे लिहा, म्हणजे घरातले कोणी चुकून तेच पुन्हा ट्रॅक्टरात भरणार नाही.